तिसऱ्या खांबावरच्या सातजणी

१२ जून

आई,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू ते न उघडताच बाजूला सारशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून दादा गेल्या महिन्यात कामासाठी इकडे आला होता, तेव्हा त्याच्याकडून चार पाकिटांवर पत्ता लिहून घेतला. त्याला रागावू नकोस. तो नाही नाही म्हणत होता, मीच त्याला भरीस घातलं.

बारा वर्षांनी लिहिते आहे. फोन करायची हिंमत झाली नाही. फोन नुसता ठेवून देता येतो, पत्र निदान फाडावं तरी लागतं.

पहिली बातमी ही, की पूल बांधणारी ती कंपनी मी सोडली. त्याला सहा वर्षं झाली. दादाने सांगितलं असेलच, आणि तू ‘बरं’ म्हणून उठून गेली असशील.

आता मी इथल्या संग्रहालयासाठी काम करते. काम काय ते सांगते. फोन डोळ्यांसमोर धरायचा. त्यात समोरचा खरा रस्ता दिसतो, आणि त्या रस्त्यावर आम्ही उभी केलेली बाई दिसते. तिच्याभोवती फिरलं तर तिची पाठ दिसते, जवळ गेलं तर ती बोलते. याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. तू म्हणशील, खऱ्याला खोट्याची जोड. पण आमची जोडही खऱ्याचीच आहे. आपल्या देशाच्या इतिहासात ज्या बायकांनी कामं केली आणि ज्यांच्या नावाने ना रस्ता आहे ना पाटी, त्यांना त्यांच्या त्यांच्या कामाच्या जागी पुन्हा उभं करायचं, असा हा प्रकल्प आहे. साथीच्या वर्षात दवाखान्याच्या मागच्या खोलीत चारशे बाळंतपणं सुखरूप करणारी सुईण. छापखान्यात अंधुक उजेडात अक्षरांचे खिळे जुळवणारी बाई. तीस वर्षं एकही दिवस न चुकता पाऊस मोजून ठेवणारी वेधशाळेतली कारकून. आम्ही दोघं मिळून हे करतो. मी आकृत्या घडवते, आणि एक पोरगेला प्रोग्रॅमर आहे, त्याला सगळे गोगलगाय म्हणतात. तो हळू आहे, पण जिथून जातो तिथे माग ठेवून जातो.

पाचवी जागा पूल आहे. होय, तोच.

त्यासाठी एक ट्रेसर बाई घडवते आहे. म्हणजे इंजिनिअरच्या पेन्सिलच्या आराखड्यावर मेणकापड ताणून तो शाईने उतरवून घेणारी. ती तिरप्या टेबलावर ओणवी होऊन रूलिंग पेन दौतीत बुडवते आणि रेघ ओढते, असं दाखवलंय. बरोबर आहे का ते कळवशील? एवढंच विचारायचं होतं.

तुझी धाकटी


३ जुलै

आई,

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. (केली होती.)

परवा छापखान्याच्या गल्लीत पहिली चाचणी झाली. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. दुकानदार कपाळाला आठ्या घालून उभा होता, गिऱ्हाईक अडतंय म्हणून. गोगलगायीने त्याच्या हातात फोन दिला. त्याच्याच काउंटरपाशी खिळे जुळवणारी बाई उभी राहिली, उलटी अक्षरं सुलटी वाचत, बोटं काळीकुळीत. दुकानदार पाच मिनिटं बोलला नाही. मग म्हणाला, “बाईंना जरा इकडे सरकवा ना, तिथे उजेड कमी आहे. डोळे बिघडतील त्यांचे.” हे ऐकून मला काय वाटलं ते मी तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?

पुलाचं मात्र अडलंय. मी जुन्या ट्रेसिंग हॉलमधल्या कोणी हयात आहेत का ते शोधलं आणि अक्षरवाली मावशी सापडली. नकाशांवरची शीर्षकं लिहायची ती, तुझ्या शेजारच्या टेबलावरची. ऐंशी वर्षांची आहे, पण किराण्याची यादीसुद्धा अजून छापल्यासारखी लिहिते. तिने मला सगळं सांगितलं. तिसऱ्या खांबाचा माथा दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखा पुढे आलेला आहे. त्या पसरलेल्या हातांचं ओझं वरच्या बाजूच्या जाड सळ्या पेलतात. बाकी पाचही खांबांच्या आराखड्यात त्या वर होत्या, फक्त तिसऱ्याच्या आराखड्यात खाली पडल्या होत्या. तसाच बांधला असता तर पहिल्या जड गाडीला तो मोडला असता. हे एका चोवीस वर्षांच्या ट्रेसर मुलीच्या लक्षात आलं. ती कंपनीच्या मोठ्या साहेबांना सांगायला गेली, तर ते म्हणाले, “तुमचं काम उतरवायचं. विचार करायला आम्ही आहोत.” ती दोनदा परत आली, आणि मग तिने मेणकापडावर सळ्या वर काढल्या. मूळ आराखड्याच्या विरुद्ध, स्वतःच्या हाताने.

मावशी म्हणाली, “तुझ्या आईने सही करताना पेन इतकं घट्ट धरलं होतं, की मला वाटलं टोक वाकणार.”

आता संग्रहालयाची समिती म्हणते, पुरावा आणा. एका म्हाताऱ्या बाईची आठवण चालत नाही. कंपनीनेही हरकत घेतली आहे. चूक मोठ्या साहेबांनी पकडली अशी पुलावर पितळी पाटी आहे, कंपनीच्या पुस्तिकेतही तसंच छापलंय. पुस्तिका कोणी लिहिली हे तू जाणतेस. पुरावा कुठेच मिळत नाही. काय करावं कळत नाही.

तुझी धाकटी


१९ जुलै

आई,

पाच दिवसांपूर्वी तुझं पाकीट आलं. आत माझीच दोन पत्रं, आणि त्यांच्यावर लाल पेन्सिल!

मी जिन्यातच बसले आणि वाचू लागले. ‘रूलिंग पेन दौतीत बुडवते’ यावर फुली. समासात तुझं अक्षर: ‘बुडवत नाहीत. बुचाला लागलेल्या शाईने भरतात. बुडवलं तर डाग.’ ‘ओणवी होऊन’ खाली रेघ: ‘मनगटाखाली फडकं हवं. घाम पडला की कापड खराब होतं.’ ‘जाड सळ्या’पाशी: ‘व्यास लिही.’ दुसऱ्या पत्रात ‘पाच मिनिटं बोलला नाही’ याला तू गोल केला आहेस आणि काहीच लिहिलं नाहीस. तो गोल मी किती वेळ पाहत बसले, ते सांगत नाही.

आणि शेवटी, ‘पुरावा कुठेच मिळत नाही’ यापुढे दोन ओळी:

‘शीट १७. उजवा कोपरा.’

‘मेमो?’

बावन्न वर्षांनी तुला शीटचा नंबर आठवतो! आम्ही बांधकाम खात्याच्या दफ्तरखान्यात तीन दिवस धूळ खाल्ली. गोगलगायीला शिंकांनी हैराण केलं. चौथ्या दिवशी पत्र्याच्या नळकांड्यात शीट १७ मिळाली. मेणकापड पिवळं पडलंय, पण शाई काल ओढल्यासारखी आहे. सळ्या वर आहेत. उजव्या कोपऱ्यात तुझी आद्याक्षरं आणि तारीख, चार मार्च.

आता मेमोचं. तू एकच शब्द लिहिलास आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलंस. मागच्या दोन पत्रांत मी तुला जे लिहिलं नाही, ते आता लिहिते.

मेमो मी पाहिला आहे. आजचं नाही, बारा वर्षांपूर्वीचं. पुस्तिकेसाठी कंपनीच्या जुन्या फायली चाळताना तो समोर आला. ‘आपण मूळ आराखड्यात नसलेला बदल स्वतःच्या मनाने केला आहे. याबद्दल लेखी खुलासा करावा.’ खाली मोठ्या साहेबांची सही, तारीख सहा मार्च. वर तुझं पूर्ण नाव. पुस्तिकेत छापलेल्या साहेबांच्या पत्रात चूक ‘सापडली’ ती वीस मार्चला. मी तो कागद घेऊन त्यांच्या मुलाकडे, धाकट्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “हे पान पुस्तिकेत नको. तुम्ही समजूतदार आहात.” आणि मी समजूतदार झाले. पुढच्याच महिन्यात मला विभागप्रमुख केलं.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही, आई. तू आजवर असं समजत असशील, की मुलगी त्यांच्या पाटीला भुलली. मी भुलले नव्हते. तुझं नाव माझ्या हातात होतं आणि मी ते वगळून लिहिलं.

त्या दिवशी मी मेमोची झेरॉक्स काढली होती. का, ते आजही सांगता येत नाही. बारा वर्षं ती माझ्या कपाटात, हिवाळ्याच्या कपड्यांखाली आहे. मूळ फाईल आता ‘सापडत नाही’. समितीपुढे झेरॉक्स ठेवायची तर ती माझ्याकडे कशी आली, हे सांगावं लागेल.

उत्तर दे असं म्हणायचा मला हक्क नाही. समितीची सभा सात ऑगस्टला आहे.

तुझी धाकटी


८ ऑगस्ट

आई,

तुझ्याकडून काही आलं नाही. तरी काल काय झालं ते तुला पहिल्यांदा कळायला हवं.

लांबट टेबल, मधोमध पाण्याचे तांबडे जग, खिडकीबाहेर कोणीतरी ड्रिल चालवतंय. समितीत पाचजण होते. अध्यक्ष संग्रहालयाच्या संचालक बाई. एक निवृत्त इंजिनिअर, ज्यांच्या खिशात भिंग असतं. आणि पाहुणे म्हणून धाकटे साहेब, आता केस पांढरे झालेले. मी मेमोची झेरॉक्स टेबलावर ठेवली.

संचालक बाईंनी विचारलं, “हा कागद तुमच्याकडे कुठून आला?”

मी उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली. म्हटलं, “बारा वर्षांपूर्वी मी कंपनीत होते. तेव्हा फायलीत पाहिला आणि झेरॉक्स काढली. मग याच्या बरोबर उलट मजकुराची पुस्तिका मीच लिहिली. यातली बाई माझी आई आहे.”

बाहेर ड्रिल सुरूच होतं.

धाकटे साहेब म्हणाले, “म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत हे कबूल करता. मग आज खरं बोलता कशावरून?”

आई, याचं उत्तर मी घरून तयार करून नेलं नव्हतं. तोंडून आपसूक निघालं, “माझ्यावर विश्वास ठेवूच नका. कापडावर ठेवा.”

गोगलगायीने शीट १७ उलगडली. चारही कोपऱ्यांवर पाण्याचे पेले ठेवायला निघाला होता, मी किंचाळले, तेव्हा त्याने आपले दोन बूट काढून ठेवले. निवृत्त इंजिनिअर भिंग घेऊन वाकले. आधी कोपरा पाहिला, मग सळ्या पाहिल्या, मग पुन्हा कोपरा.

“कापडावर चार तारीख आहे,” ते म्हणाले. “मेमो सहाचा. साहेबांचं पत्र वीसचं. सळ्या वर घेतल्या म्हणून ज्या बाईकडे खुलासा मागितला, तिच्यानंतर सोळा दिवसांनी साहेबांना चूक सापडते.” त्यांनी भिंग खिशात ठेवलं. “मी रोज या पुलावरून नातीला शाळेत सोडतो.”

मत घ्यायची वेळच आली नाही. संचालक बाईंनी एकेकाकडे पाहिलं, प्रत्येकाने मान हलवली. धाकटे साहेब तेवढे कागदांकडे पाहत राहिले. जाताना ते दारात थांबले. कापडाकडे एकदा पाहिलं आणि गेले.

पुस्तिका मीच लिहिली हे आता सगळ्यांना कळलंय. कामावर दोघं-तिघं माझ्याशी जपून बोलतात. बोलू देत. बारा वर्षांत काल पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

जिंकलीस, आई.

तुझी धाकटी


५ सप्टेंबर

आई,

तुझं पत्र मिळालं. खरंखुरं पत्र, तुझ्या स्वतःच्या कागदावर! मी ते पाठ केलंय, तरी इथे उतरवते, म्हणजे मला नीट कळलंय हे तुला समजेल.

‘समितीने मान्य केल्याचं वाचलं. मला एकटीला उभी करणार असशील तर करू नकोस. हॉलमध्ये आम्ही सातजणी होतो. मेमोनंतर मी तिसऱ्यांदा साहेबांकडे गेले तेव्हा बाकी सहाजणींनी पेनं खाली ठेवली. मी बाहेर येईपर्यंत कोणी रेघ ओढली नाही. म्हणून साहेबांनी अखेर शीट पाहिली, माझ्या हुशारीमुळे नाही. मावशीने तुला हे सांगितलं नसेल. पेनं ठेवायची कल्पना तिची होती, आणि तिची नोकरी त्यात गेली. नावं खाली देते आहे.’

खाली सात नावं, एकाखाली एक, नकाशावर लिहितात तशी. तुझं सातवं.

मी मावशीकडे धावले. “तुम्ही मला हे का नाही सांगितलंत?” ती म्हणाली, “तू तुझ्या आईबद्दल विचारलंस, मी तिच्याबद्दल सांगितलं.” मग हळूच म्हणाली, “तिला आठवतंय?” आणि तोंड फिरवून चष्मा पुसत राहिली.

गोगलगायीने कपाळावर हात मारून घेतला. सात बाया, सात टेबलं, वर आरपार दिसणारा खांब! साधे फोन हातात निखाऱ्यासारखे तापतील म्हणाला. पण कामाला लागला. मी बाकी पाचजणींच्या घरच्यांना शोधते आहे. एकीच्या सुनेने ओळखपत्रावरचा फोटो दिला. एकीचा फोटोच नाही, पण तिच्या भावाने तिचं चालणं स्वतः चालून दाखवलं. सत्तरीचा माणूस, दिवाणखान्यात, बहिणीसारखा ठुमकत! आम्ही दोघंही हसता हसता रडलो.

माझ्या कबुलीबद्दल तू एक अक्षरही लिहिलं नाहीस. मी विचारत नाही.

उद्घाटन बावीस नोव्हेंबरला आहे. दादाला सांगितलंय. येशील?

तुझी धाकटी


२५ नोव्हेंबर

आई,

तू कालच घरी पोचलीस आणि मी लगेच पत्र लिहायला बसले. कारण त्या दिवशी तू फोन डोळ्यांसमोर धरला होतास, त्यामुळे आजूबाजूचं तुला दिसलंच नाही. ते सांगते.

सकाळी दहाला पुलाच्या कडेचा पादचारी रस्ता माणसांनी भरला होता. शाळेच्या मुली होत्या, अभियांत्रिकीच्या मुली होत्या. चष्म्याचा दुकानदार दुकान बंद करून आला होता. निवृत्त इंजिनिअर नातीला घेऊन आले होते. दादाने तुला हात देऊन रिक्षातून उतरवलं, आणि पलीकडून मावशी काठी टेकत आली. तुम्ही दोघींनी बावन्न वर्षांनी एकमेकींना पाहिलं आणि तू पहिलं वाक्य काय बोललीस? “केवढी वाळलीस!” आणि ती म्हणाली, “तू मात्र मेमो मिळाल्यासारखीच दिसतेस अजून.” मागे उभ्या असलेल्या संचालक बाईंचं भाषण त्या हसण्यात वाहून गेलं.

मग तू फोन वर धरलास. तिसऱ्या खांबाचं काँक्रीट काचेसारखं झालं, आत सळ्या उजळल्या, वरच्या बाजूला. आणि पुलावर सात तिरपी टेबलं, सात मुली. मधल्या मुलीने पेन भरलं (बुचाने!), मनगटाखाली फडकं सरकवलं आणि रेघ ओढली. मग बाकी सहाजणींनी एकामागून एक पेनं खाली ठेवली. प्रत्येक मुलगी स्वतःचं पूर्ण नाव सांगते. तुझ्या नावाच्या वेळी तू म्हणालीस, “पायात चपला दाखवल्यात. हॉलमध्ये धूळ नको म्हणून आम्ही दाराबाहेर काढायचो. दुरुस्त कर.” गोगलगायीने तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. काल रात्रीपर्यंत सातहीजणींच्या चपला काढल्या, कळावं.

आता तुला न दिसलेलं. शाळा-कॉलेजच्या मुली फोनमधून सातजणींकडे बघत होत्या. मग एकीने फोन खाली केला आणि तुझ्याकडे पाहिलं. मग तिच्या मैत्रिणीने. मग एकेक करत सगळ्यांनीच फोन खाली केले आणि नुसत्या डोळ्यांनी तुला आणि मावशीला बघू लागले. तू फोनमध्ये चपला शोधत होतीस. मागे थांबलेल्या बसच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तू दचकलीस आणि विचारलंस, “कोण आलं?”

“तूच आलीस,” दादा म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता, तू म्हणालीस सर्दी झाली असेल.

धाकटे साहेबही आले होते, पार टोकाला उभे. त्यांनी फोन वर धरला आणि शेवटपर्यंत धरून ठेवला. काल त्यांचं पत्र संग्रहालयाला आलं. पितळी पाटी उतरवून नवी लावायला कंपनीची हरकत नाही, मजकूर समितीने द्यावा. संचालक बाईंनी मजकूर लिहायचं काम मला दिलं. मी नको म्हटलं. ती पाटी मावशी लिहिते आहे, सातही नावं, तिच्या अक्षरात.

आणि बसस्टँडवरचं. दादा पाण्याची बाटली आणायला गेला तेव्हा तू खिडकीतून म्हणालीस, “ती पुस्तिका तू लिहिलीस, हे मी विसरणार नाही.” मी मान खाली घातली. मग तू म्हणालीस, “सभेत उभी राहून सांगितलंस, तेही विसरणार नाही. शनिवारी ये. जेवायला.”

बस सुटली तरी मी तिथेच उभी होते. पुढच्या बसच्या कंडक्टरने दोनदा विचारलं, कुठे जायचंय.

आज सकाळी कामावर जाताना मुद्दाम पुलावरून गेले. अभियांत्रिकीची एक मुलगी खांबासमोर एकटीच फोन धरून उभी होती. मला ओळखत नव्हती. तिने विचारलं, “यातल्या कोणी आता आहेत का हो?”

मी म्हटलं, “दोघी आहेत. त्यातल्या एकीकडे मी शनिवारी जेवायला चाललेय.”

तुझीच,
धाकटी